बुकिंगचा शालू

आक्का, तुझ्या अंगावर किती साड्या पडल्या ते बघायला तू हवी होतीस. पोट धरून हसली असतीस. सवाष्ण गेली की भेटायला येणारी बाई तिच्या अंगावर एक साडी घालते, ही आपल्याकडची रीत. पण बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या तुझ्या त्या दोन खोल्यांसमोर जी रांग लागली होती, ती बघून कुणालाही वाटलं असतं की इथे एखाद्या पुढाऱ्याची बायको गेलीय. प्रत्येकीच्या हातात दुकानाची पिशवी, पिशवीत घडी न मोडलेली कोरी साडी. जन्मभर तू पोरींना सांगत आलीस की बायांनो, एका दिवसाच्या मिरवण्यासाठी कोरी साडी घेऊन पैसे जाळू नका. त्यांच्याच आया तुझ्यासाठी कोऱ्या साड्या घेऊन आल्या आणि तुला नाही म्हणता आलं नाही.

माहेरची हिरवी मी आणली. आई-बाबा गेले, भाऊ नाही, म्हणजे तुझं माहेर आता मीच. स्टेशनजवळच्या दुकानात शिरले आणि पहिली दिसली ती उचलली. तुला नेसवायला घेतली तेव्हा कळलं, किमतीची चिठ्ठी तशीच आहे. शिलाई मशीनला अडकवलेली तुझी कात्री काढली आणि चिठ्ठी कापली. कापडाच्या कात्रीने कागद कापला की तू हातावर फटका मारायचीस, मी चाळिशीची झाले तरी मारायचीस. चिठ्ठी कापून मी क्षणभर हात तसाच पुढे ठेवला होता. मग रडले. तोपर्यंत मला रडू आलं नव्हतं, नुसता राग आला होता.

तो राग अजून आहे. थोडा त्या बायकांवर आहे आणि बराचसा तुझ्यावर आहे, म्हणून लिहायला बसले. तोंडावर बोलायचं राहिलंच.

तुझ्या दुकानाला बोर्ड नव्हता. मी किती वेळा म्हटलं, आक्का, एक छोटासा बोर्ड लाव, 'नवरीचे कपडे भाड्याने मिळतील'. तू म्हणायचीस, "बोर्ड लावला तर एक पोरगी यायची नाही." खरंच होतं ते. तुझी गिऱ्हाइकं यायची दुपारी, गल्ली झोपलेली असताना. तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल, जसं काही चोरीचं सोनं विकायला आल्यात. दार लोटायचं, पडदा ओढायचा, आणि मग कुजबुज सुरू. भावोजींना त्या वेळात तू बाहेर पिटाळायचीस. आनंदनगरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर आयुष्य काढून त्यांचे कान गेलेले. ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्याने बोलतो. एकदा त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात "अगं, ही मागच्या महिन्यातल्या शालूवालीची धाकटी का?" असं विचारलं आणि त्या मायलेकी ब्लाउजचं माप न देताच पळाल्या. तेव्हापासून दुपार झाली की भावोजी मारुतीच्या देवळात. पेपर दोनदा वाचून, पुजाऱ्याशी मोठमोठ्याने राजकारण बोलून संध्याकाळी घरी. बिचाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही.

कपडे जायचे भाजीच्या पिशवीतून आणि परत यायचे ते दळणाच्या डब्यातून. लग्नात नवरी उभी राहिली की लोक विचारायचे, कुठून घेतला गं शालू? कुणी दादर सांगे, कुणी उल्हासनगरच्या मोठ्या दुकानाचं नाव सांगे. एका बहाद्दरणीने तर थेट बनारस सांगितलं. आणि तुला मात्र कुठल्याच मांडवात बोलावणं नाही! तू हॉलमध्ये दिसलीस तर चार बायका माना वळवणार आणि ओळखणार की कपडे कुठून आलेत. म्हणून शेजारच्या बिल्डिंगला पत्रिका, वरच्या मजल्याला पत्रिका, मधलं तुझं दार सोडून. सगळं बदलापूर तुझ्या कपड्यांत बोहल्यावर चढलं आणि तू कुणाच्या पंगतीला बसली नाहीस.

त्या दिवसाची आठवण आहे ना तुला? माझ्याकडे अंबरनाथला यायला निघालो होतो. वाटेत हॉलबाहेर वरात थांबलेली. नवरी गाडीतून उतरली, अंगावर तुझा डाळिंबी घागरा. तू रस्त्याच्या पलीकडे इस्त्रीवाल्याच्या टपरीला टेकून उभी राहिलीस आणि मान लांब करकरून बघायला लागलीस. "दुपट्ट्याची उलटी बाजू वर घेतलीय बघ तिने. मी दोनदा दाखवलं होतं." मी म्हटलं, जा ना आत, नीट करून ये. तू म्हणालीस, "वेडी आहेस का? चल, उशीर होतोय." आणि रिक्षात बसल्यावरसुद्धा मागे वळून बघत होतीस. तुझा जीव त्या दुपट्ट्यात अडकला होता. माझ्या डोक्याची शीर तडतडत होती आणि तू मला पेरू कापून देत होतीस, तिखट-मीठ लावून.

मला कळत होतं तू अशी का झालीस. मी लहान होते, पण तुझं लग्न मला स्वच्छ आठवतं. वांगणीच्या पुढच्या आपल्या गावात, अंगणात मांडव. बाबांना शालू झेपला नाही, म्हणून शेजारच्या काकूंचा मागून आणलेला. तू बोहल्यावर उभी, आणि अंतरपाट धरलेला असताना काकू पुढे येऊन सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाल्या, "जपून गं बाय, माझा शालू हाय. हळदीचा डाग पडला तर निघायचा नाय." लोक हसले. तुझ्या सासूने आपल्या आईकडे बघितलं आणि आईने जमिनीकडे. त्या मांडवातला तुझा फोटो आहे ना, त्यात तू दोन्ही हातांनी शालू असा वर धरून उभी आहेस, जसं काही चिखलातून चाललीस. लग्नाच्या फोटोत हात जोडलेले असतात, तुझे पदराला चिकटलेले आहेत.

तू तेव्हाच ठरवलं असणार. "माझ्याकडची मुलगी ताठ मानेने उभी राहिली पाहिजे. तो कपडा त्या दिवशी तिचाच," असं तू म्हणायचीस. कुणाचं नाव तुझ्या तोंडून कधी गेलं नाही. मलासुद्धा तू सांगायची नाहीस, मी अंदाजाने ओळखायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुझं ठरलेलं वाक्य. पण आक्का, मूठ त्यांची आणि झाकायला हात तुझा, हे कुठलं शहाणपण?

आणि तू काही कुणाच्या मेहेरबानीवर जगत नव्हतीस. उल्हासनगरला कॅम्प पाचच्या कारखान्यात इतकी वर्षं आरीकाम केलंस, खडे लावलेस, घागरा फुलवायची ती कॅनकॅनची जाळी शिवून बोटं सोलून घेतलीस. एकाच थानातले एकसारखे लेहेंगे निघायचे. शेवटी शेठ लेबलांचे तीन गठ्ठे आणून ठेवायचा आणि तू बसून लेबलं शिवायचीस. एक लेबल लागलं की लेहेंगा कल्याणला जायचा, दुसरं लागलं की मुंबईत काचेच्या दुकानात जायचा, आणि तिथे त्याची किंमत ऐकून आपल्याला ठसका लागायचा. "सुईदोरा तोच, हात माझेच, फक्त लेबल बदललं गं," असं हसत सांगायचीस. हसायचीस कशी, ते मला कधी समजलं नाही. नंतर डोळे दुखायला लागले म्हणून ते काम सोडलंस आणि घरी मशीन टाकलंस.

मग सुरू झाले तुझे उद्योग. बोहारणींशी दोस्ती. कुठल्या तरी घरातून भांड्याच्या बदल्यात निघालेला जुना शालू, मधून विरलेला पण काठ शाबूत. तो तू बोहारणीकडून घ्यायचीस, काठ आणि पदर अल्लद उसवायचीस, आणि उल्हासनगरच्या मार्केटमधून आणलेल्या कटपीसच्या रेशमाला जोडायचीस. खऱ्या जरीचा काठ, नवं अंग. ब्लाउजला आत चांगली चार बोटं माया सोडायचीस आणि पाठीला नाडी, म्हणजे बारीक आली तरी बसेल आणि जाडी आली तरी बसेल. घाबरलेल्या पोरींना समजावायचीस, "लेहेंगा घालतेस किती वेळ? तीन तास. मग तो कुठे जातो? दिवाणाच्या खाली. आणि दर दिवाळीला तुझी आई तो काढून ऊन दाखवणार आणि हळहळणार." चपला बघायला लागली कुणी तर ओरडायचीस, "घागरा जमिनीला टेकतोय, चपला कोण बघतं गं? घरातल्या घाल!" त्या पोरी हसायच्या. त्यांना तिथे मोकळं वाटायचं. दाराबाहेर पडताना मात्र पुन्हा ओढणी तोंडावर.

तुझा लाल शालू मात्र वेगळाच. त्याचा काठ मिळाला तेव्हा तू मला फोन करून बोलावलं होतंस, बाळ झाल्यासारखी. कोयऱ्या, मध्ये बारीक वेल, आणि जरी काळी न पडलेली. त्याला अंग लावायला तुला वर्ष लागलं, मनासारखा लाल मिळेना म्हणून. आतून शिवणीवर तू सगळीकडे पिवळ्या दोऱ्याचा एक बारीक टाका घालायचीस, आपलं कापड ओळखू यावं म्हणून. या शालूत तो टाका पदराच्या टोकाशी आहे. हाच शालू प्राजूला लग्नात द्यायचा, हे ती शाळेत होती तेव्हापासून तुझं ठरलेलं. तुला मूल नाही. माझी प्राजक्ता तुझी निम्मी मुलगी होती, निम्म्याहून जास्तच.

आणि मग आला बस्ता. नवरदेवाकडची माणसं आमच्या अंबरनाथचीच, जमिनी विकून बिल्डिंगी बांधलेली, मनाने वाईट नाहीत पण हात सैल आणि तोंडही सैल. त्यांच्या बायका एक गाडी भरून, आपण तिघी रिक्षाने, अशा उल्हासनगरला पोचलो. गादीवर बसवलं, थंड पाजलं, आणि दुकानदाराने लेहेंग्यांचा ढीग उलगडला. नवरदेवाची आत्या पुढे बसली होती, प्रत्येक लेहेंग्याची चुणी चिमटीत धरून. दुकानदार म्हणाला, "देखो बेन, शादी एकी बार होती है. इसमें क्या सोचना?" आत्या म्हणाल्या, "आमच्याकडे सून येते तेव्हा लोक आधी कपडा बघतात, मग तोंड." प्राजू माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, इसमें बैठूंगी कैसे? दारातून आत तरी जाईन का मी?" त्या सगळ्या ढिगात एक मोरपिशी होता. तू त्याच्यावरून हात फिरवलास आणि लगेच मागे घेतलास. मी ओळखलं. तुझ्याच जुन्या कारखान्याचा माल. मी तुला कोपर मारलं, बोल ना. तू स्ट्रॉ तोंडात धरून थंड ओढत राहिलीस.

शेवटी त्यांनी रिसेप्शनसाठी तोच लेहेंगा घेतला, त्यांच्या पैशाने. प्राजूने एवढंच ठामपणे सांगितलं की मुहूर्ताला शालू मावशीचा. त्यांना वाटलं मावशी विकत घेऊन देणार. तूही त्यांना तसंच वाटू दिलंस.

परत येताना रिक्षात आपलं भांडण झालं. शेवटचं. मी म्हणाले, दुकानात का नाही बोललीस? तू म्हणालीस, "कुणाच्या गादीवर बसून, त्याचं थंड पिऊन, त्याच्या मालाला नावं ठेवू नयेत. त्यालाही पोट आहे." मी म्हणाले, बरं, ते सोड. प्राजूच्या लग्नात मी सगळ्यांना सांगणार आहे, हा शालू माझ्या बहिणीने केलाय, ती असे शालू भाड्याने देते, ज्याला हवा त्याने हेंद्रेपाड्यात यावं. तू एकदम माझा हात धरलास.

"नको गं. आई म्हणून तूच घेतलास असं सांग."

"मी का खोटं बोलू? आपल्या घरच्या लग्नात पण चोरी?"

"एक तरी लग्न मला असं मिळू दे," तू म्हणालीस, "जिथे मी मावशी म्हणून येईन. भाड्याच्या कपड्यांची बाई म्हणून नको."

तेवढ्यात स्टेशन आलं, रिक्षावाला सुट्ट्यांवरून हुज्जत घालायला लागला, आणि तू उतरून ब्लाउजच्या बटणांची पुडी घ्यायला पळालीस. मी मनाशी म्हटलं, घरी गेल्यावर नीट बोलू. आठवड्याच्या आत तू मशीनवर बसल्या बसल्या गेलीस. तुझ्या त्या मागण्याचं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं, आणि अजूनही मला माहीत नाही की मी काय उत्तर देणार होते.

तर आता तुझ्या शेवटच्या दिवसाचं ऐक. लाल शालू त्या वेळी घरात नव्हता. मागच्या गल्लीतल्या सुलभावहिनींच्या मुलीचं लग्न दोन दिवसांपूर्वी झालेलं, शालू तिच्याकडे. गल्लीभर त्यांनी सांगितलेलं की दादरहून आणला. त्या दिवशी तो परत द्यायचा होता, आणि बघतात तर दारात ही गर्दी. परत द्यायला पिशवी उघडली तर सगळ्यांना दिसणार. न द्यावा तर भावोजी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारणार. मग वहिनींनी काय डोकं चालवलं बघ. एक साधी छापील साडी आणली, तिच्या घडीत तुझा शालू घातला, आणि डोळ्यांना पदर लावून ती जोडघडी तुझ्या अंगावर ठेवली.

त्यांचं चुकलं एवढंच की त्या घाटावरच्या. त्यांच्याकडे म्हणे या साड्या उंबऱ्यातच उतरवून घरात ठेवतात. त्यांना वाटलं, तिरडी उचलायच्या आधी साड्या घरात जातील, मागाहून घरच्यांना शालू सापडेल, आणि कुणालाही काही कळणार नाही. आपल्याकडे साड्या तशाच स्मशानात जातात आणि तिथेच सोडून येतात. वहिनींना हे ठाऊक नव्हतं.

मी साड्या सारख्या करत होते. त्या छापील साडीला हात लावला आणि हात थांबला. छापील साडीला एवढं वजन नसतं. घडीतून पदराचं टोक जरासं बाहेर आलेलं, त्यावर तुझा पिवळा टाका. मी मान वर केली. सुलभावहिनी समोरच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन खाली बघितलं. मला ओरडायचं होतं, आक्का. तोंड उघडलं आणि मला तुझा रिक्षातला हात आठवला. तेवढ्यात पुरुषांनी तिरडी उचलली. प्राजूचा शालू तुझ्याबरोबर गेला आणि मी बायकांच्या घोळक्यात उभी राहिले. माझ्या शेजारची बाई म्हणत होती, "नशीबवान हो, कपाळाचं कुंकू घेऊन गेली, नवरीसारखी गेली." मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. स्वतःच्या मालकीची लग्नाची साडी तुझ्या अंगावर पहिल्यांदा चढली ती त्या दिवशी.

पुढचं मी माझ्या नवऱ्याकडून ऐकलं. स्मशानात साड्या उतरवून बाजूला ठेवत होते. तिथला माणूस त्या गोळा करायला पुढे आला. भावोजी हातात मडकं घेऊन उभे. छापील साडी उचलताना शालू घरंगळून खाली पडला, उलगडला. सगळे वळून बघायला लागले, एवढा भारी शालू कुणी घातला म्हणून. भावोजींनी मडकं कुणाच्या तरी हातात दिलं, वाकून शालू उचलला, राख झटकली, आणि त्यांच्या त्या कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "हा राहू दे. हा बुकिंगचा आहे."

कुणीतरी विचारलं, बुकिंगचा म्हणजे? तर भावोजी म्हणाले, "सुलभावहिनींकडून परत यायचा होता तो आला. आता प्राजूला जायचाय." आणि घडी घातली, तू शिकवली होतीस तशी, काठाला काठ. सगळी गल्ली तिथे उभी. ज्यांच्या घरी लग्नं झाली ते सगळे बाप, भाऊ, काका. संध्याकाळी भावोजी ओल्या अंगाने, शालू खांद्यावर टाकून, हेंद्रेपाड्याच्या भर गल्लीतून घरी आले. तू इतकी वर्षं जे पिशवीत आणि डब्यात दडवलंस, ते त्यांनी उजेडात चालत आणून खुंटीला टांगलं. मी त्यांच्या पाया पडले. त्यांना कशाबद्दल ते समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंचा फोन. बातमी अंबरनाथला पोचलेली. "मढ्यावरचा शालू आमची सून नेसणार? शोभतं का? दुकानं काय बंद पडलीत?" मी काही बोलायच्या आत प्राजूने फोन घेतला. तुला माहीत आहे ना ती कशी बोलते, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "आत्या, वो मेरी मावशी है, मढं नाही. आणि तो शालू तिच्या अंगावर नव्हता, साडीत लपवून ठेवला होता. लपवणाऱ्यांना विचारा शोभतं का." फोन ठेवला आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून तुझ्या नावाने हंबरडा फोडला. गुरुजींनी गोमूत्र शिंपडून ड्रायक्लीनला द्यायला सांगितलं. तसं केलं. तेराव्यानंतर लग्न करायला हरकत नाही, हेही तेच म्हणाले. नवरदेव सरळ मुलगा आहे, तो एवढंच म्हणाला की मला शालूतलं काही कळत नाही, ती म्हणेल ते.

काल लग्न झालं.

तुझी खुर्ची पहिल्या रांगेत होती, माझ्या बाजूला. तिथे भावोजी बसले, नव्या सदऱ्यात, तुझी ती भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. प्राजू शालू नेसून आली. हात जोडलेले, मान वर, पदर खांद्यावर मोकळा. तिला कुणी जपून म्हणालं नाही. अक्षता पडल्या, हळद उडाली, एक डाग पडलासुद्धा, पडू दे. मग नवरदेवाकडच्या बायका गोळा झाल्या आणि नेहमीचा प्रश्न आला, केवढ्याला घेतला गं? प्राजू म्हणाली, "घेतला नाही. माझ्या मावशीने बनवलाय. ती भाड्याने द्यायची." आवाज मोठा नव्हता, पण सनई तेवढ्यात थांबलेली. तुझ्या शालूत लग्न झालेल्या पाच-सहा जणी तरी त्या हॉलमध्ये होत्या, मी ओळखते त्यांना. एक जण मुलाची टोपी बांधत बसली, दुसरी मोबाइलमध्ये बघत होती. सुलभावहिनी आल्याच नव्हत्या. आहेर मात्र पाठवला होता, कोरी साडी.

तर आक्का, तू मावशी म्हणूनही आलीस आणि भाड्याच्या कपड्यांची बाई म्हणूनही आलीस. तुझं मी ऐकलं नाही. तू रागावली असशील तर रागाव.

आणि मग गंमत ऐक. जेवणाच्या गडबडीत मागून कुणीतरी माझी बाही ओढली. आत्याबाई. त्याच, मढ्यावरच्या शालूवाल्या. इकडेतिकडे बघत, तोंडाला पदर लावून, माझ्या कानाशी आल्या. तोच आवाज, जो तुझ्या पडद्यामागे मी कितीदा ऐकला. "अहो, पुढच्या महिन्यात माझ्या धाकटीचं आहे. काठ अस्सल आहे हो. तेव्हा मोकळा आहे का हा? आपल्या दोघींतच ठेवा."

तू असतीस तर हळूच हो म्हणाली असतीस. तिथल्या तिथे डोळ्यांनी तिच्या मुलीचं माप घेतलं असतंस, आणि तिच्या लग्नाच्या दिवशी घरात बसून वरणभात खाल्ला असतास. मी तू नाही, आक्का. मी हसून म्हटलं, "शालू माझा नाही हो, तो भावोजींचा. ते काय तिथे बसलेत, त्यांना विचारा. फक्त त्यांना ऐकायला कमी येतं, जरा मोठ्याने विचारावं लागेल."

त्यांनी भावोजींकडे बघितलं. भावोजींच्या आजूबाजूला अर्धं अंबरनाथ जेवत होतं. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि त्या आइसक्रीमच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या महिन्यात शालू मोकळा आहे.